लॉजच्या वहीतील ‘नाते’

तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या लॉजात शिरले की व्यवस्थापकाच्या डोक्यामागे, दरपत्रकाच्या शेजारी, बहुधा एक पाटी दिसते. बाहेरील व्यक्तीस रात्री खोलीत राहण्यास सक्त मनाई आहे. विवाहाचा पुरावा दाखविल्याखेरीज जोडप्यास खोली मिळणार नाही. स्थानिक रहिवाशांस खोली दिली जात नाही. आणि खाली ‘हुकुमावरून’. हा हुकूम कोणी, कोणत्या कायद्याखाली काढला, हे पाटीवर लिहिलेले नसते आणि विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

२०२५ च्या जानेवारीत ओयो या खोल्यांच्या आरक्षणाचा व्यापार करणाऱ्या कंपनीने मीरत शहरातील आपल्याशी जोडलेल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागण्याची व खोली नाकारण्याची मुभा दिली. स्थानिक नागरी गटांच्या मागणीचा हवाला तिने दिला. ज्या कंपनीची वाढ तरुण जोडप्यांच्या पैशावर झाली, तीच मोहल्ल्यातील मंडळींनी डोळे वटारताच मागे सरली. भांडवल स्वातंत्र्याचे रक्षण करील अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. परंतु आमचा मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

प्रथम मालकाची बाजू, कारण ती सर्वस्वी खोटी नाही. लॉजचा धंदा हा मुख्यतः स्थिर खर्चाचा धंदा आहे. इमारतीच्या कर्जावरील व्याज, कर, नोकरांचे पगार हे खोली भरो वा रिकामी राहो, चुकत नाहीत. खोलीत दुसरा माणूस मुक्कामाला आला म्हणजे वाढतो तो खर्च चादर, साबण, गरम पाणी आणि असलाच तर सकाळचा नाश्ता एवढा. त्यासाठी जादा व्यक्तीचा आकार घेणे रास्त आहे. एकाचे पैसे भरून दोघांनी राहणे ही फसवणूकच होय आणि कोणा समाजवाद्याने तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. वहीत नाव नोंदविण्याचा आग्रहही योग्यच. दिल्लीच्या करोल बागेतील एका हॉटेलास १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे आग लागली आणि १७ माणसे मेली. अशा वेळी आत कोण आहे हे वहीतच नसेल तर शोधणार कोणाला? परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळविण्याचे बंधनही मालकावर असते.

या सर्व गरजा नाव, पत्ता, ओळखपत्र आणि पैसे एवढ्यांनी भागतात. मग ‘नाते’ हा रकाना आला कोठून?

कायद्यातून तो आलेला नाही. कोइमतूर येथे २०१९ मध्ये एका निवासी संकुलाच्या खोलीत अविवाहित जोडपे आढळले म्हणून, आणि दुसऱ्या खोलीत मद्याच्या बाटल्या सापडल्या म्हणून, प्रशासनाने संकुलालाच टाळे ठोकले. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. दोन सज्ञान अविवाहित व्यक्तींनी हॉटेलच्या खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट सांगितले व टाळे काढावयास लावले. त्याआधी २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून जोडप्यांना ठाण्यात नेले होते. आरोप सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचा! दार लावलेली भाड्याची खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा सर्व थरांतून विचारला गेला आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचा आदेश द्यावा लागला.

मात्र कार्यकर्त्यांनी एका गोष्टीची नीट दखल घ्यावी. मनाई करणारा कायदा नाही, याचा अर्थ खोली द्यावयास लावणारा कायदा आहे असा होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून होणारी अडवणूक निषिद्ध केली. वैवाहिक स्थितीचा त्यात उल्लेख नाही. उद्या मालकाशी हुज्जत घालताना संविधानाचे चुकीचे कलम पुढे केले तर हसे आपलेच होईल.

ही अडवणूक मालकाच्या सोवळेपणातून होते असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्याला भीती आहे ती पोलिसांची. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली हॉटेलचा परवाना निलंबित होऊ शकतो, आणि हा कायदा खालच्या पातळीवर कसा वापरला जातो हे लॉज चालविणाऱ्या कोणालाही विचारावे. तारांकित हॉटेलात दोन ओळखपत्रे दिली की नात्याची चौकशी सहसा होत नाही. पाच-सातशे रुपयांच्या खोलीला मात्र मंगळसूत्र, लग्नाचा फोटो, एकाच आडनावाचे आधारपत्र असे सारे काही लागते. एकच देश, एकच दंडसंहिता; पण खासगीपणाचा दर खोलीच्या भाड्याबरोबर चढत जातो. आणि पाटीची अंमलबजावणी करावयाची ती कोणी? रात्रपाळीला बसणाऱ्या, तुटपुंज्या पगाराच्या व्यवस्थापकाने आणि खोल्या झाडणाऱ्या पोराने. छापा पडलाच तर पहिली थप्पड त्यांच्याच गालावर.

याचा खरा बळी सहलीला आलेला तरुण नव्हे. त्याला दुसरे शहर आहे, दुसरी तारीख आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे पाहा. धर्म न बदलता परधर्मीयाशी विवाह करावयाचा तर हाच मार्ग. त्यात नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, आणि नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावयाचे. घर सोडून परजिल्ह्यात आलेल्या जोडप्याने हे ६० दिवस काढावयाचे कोठे? लॉज मागते विवाहाचे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी हवे असते ते लॉज. भाऊबंद मोटारी घेऊन शोधात फिरत असताना व्यवस्थापकाने उच्चारलेला नकार हा निव्वळ धंद्याचा निर्णय राहत नाही. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाची व्यवस्था करावी असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ति वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात ती आहे काय, हे विचारण्याचे काम आपलेच. नवऱ्याने मध्यरात्री घराबाहेर काढलेली बाई याच पाटीपुढे हताश होते. तिच्या ओळखपत्रावर त्याच गावचा पत्ता असतो आणि स्थानिकाला खोली नसते.

मुक्कामाची जागा नाकारणे हे समाजाचे किती जुने शस्त्र आहे हे महाराष्ट्राला सांगावयास नको. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून काढले. अस्पृश्यतेचे दुःख आणि आजच्या जोडप्याची अडचण एकाच मापाने मोजण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. परंतु तू कोणाचा कोण, हे आधी सांग आणि मग पथारी टाक, हा सवाल त्याच घराण्यातला आहे.

मुलींच्या व्यापाराचा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यावर उपाय वयाच्या पुराव्याचा. अल्पवयीन मुलीला घेऊन आलेला इसम विवाहाचे बनावट कागद सहज आणतो, आणि कागद पाहून व्यवस्थापक निश्चिंत होतो. ओळखपत्रे दोघांचीही पाहावीत, वय अठराच्या आत वाटले तर पोलिसांना कळवावे. नाते विचारून ती मुलगी वाचत नाही.

आपल्यापैकी काहींना सार्वजनिक शिस्तीची ओढ असते. त्यांनी सोव्हिएत काळातील हॉटेले आठवावीत. मजल्यामजल्यावर एक बाई टेबल मांडून किल्ल्या सांभाळीत बसे आणि रात्री अकराच्या सुमारास भेटीस आलेल्यांना बाहेर जावे लागे. त्या पहाऱ्याने समाजवाद तसूभरही पुढे सरकला नाही. उलट भांडवलशाही अमेरिकेत, पोलीस मागतील तेव्हा पाहुण्यांची वही दाखविण्याची सक्ती करणाऱ्या लॉस एंजेलिस नगराच्या नियमाविरुद्ध पटेल नामक गुजराती मोटेलचालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. २०१५ मध्ये न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. हक्काचे कैवारी असे अनपेक्षित ठिकाणी भेटतात.

आता करावयाचे काय? प्रत्येक तालुक्यातील शाखेने गावातील लॉजमालकांची व कामगारांची एकत्र बैठक घ्यावी. दरपत्रकातच जादा व्यक्तीचा आकार छापावा, भेटीस येणाऱ्याची नोंद व वेळ स्पष्ट लिहावी, ओळख आणि वय यांपलीकडे काही विचारू नये, एवढे त्यांच्याकडून मान्य करून घ्यावे. पोलीस ठाण्याकडे लेखी अर्ज द्यावा की लॉजांना दिलेल्या सूचना कोणत्या कलमाखाली दिल्या आहेत ते कळवा. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली मागावे. तोंडी हुकूम कागदावर येत नाहीत, असा आमचा अंदाज आहे. आमदार-खासदारांकडे वैवाहिक स्थितीवरून खोली नाकारण्यास बंदी घालणाऱ्या विधेयकाचा आग्रह धरावा. आणि बैठकीला निघण्यापूर्वी पुरोगामी म्हणविणाऱ्या आपल्या संस्थांच्या अतिथिखोल्यांची नियमावली एकदा काढून वाचावी. ‘नाते’ हा रकाना तेथे असेल तर तो प्रथम खोडावा.