पाइपची पिशवी आणि कारागिराचा भाव

तंबाखूच्या पाइपसाठी हाताने शिवलेली चामड्याची पिशवी ही आजच्या जगातील अत्यावश्यक वस्तूंपैकी खचितच नव्हे. ब्रिटनमध्ये १९६५ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना 'वर्षातील पाइपधारक' असा किताब देण्यात आला, तेव्हा पाइप हे तेथील सभ्य गृहस्थाचे लक्षण मानले जात होते. २००३ साली स्टीफन फ्राय या अभिनेत्या-लेखकास हा किताब मिळाला आणि पुढे तंबाखूच्या प्रसिद्धीविषयीच्या कायद्याच्या धास्तीने तो किताबच गुंडाळण्यात आला. व्यसन ओसरले याचे दुःख करण्याचे काहीच कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. पाइप ओढणारे मूठभर उरले असताही युरोप-अमेरिकेत एकट्यादुकट्याच्या कार्यशाळांतून ही पिशवी अजून शिवली जाते, आणि शिवणारा मनुष्य तिचा भाव स्वतःच्या तोंडाने सांगतो. ज्या महाराष्ट्रात कातड्याचे काम करणाऱ्या हातांची परंपरा कित्येक पिढ्यांची आहे, तेथे मात्र हा भाव दुसराच कोणी ठरवितो. असे का व्हावे?

त्या पिशवीकडे जरा बारकाईने पाहिले तर उत्तराचा काही भाग तिच्यातच सापडतो. पाइपची तंबाखू दमट असावी लागते. कोरडी पडली तर ती भरभर जळते आणि जिभेला चटका देते. फार ओली राहिली तर पेट घेत नाही, शिवाय बुरशीचे भय. नुसते चामडे हा ओलावा फार काळ धरून ठेवीत नाही, म्हणून आतून रबराचे किंवा तत्सम अस्तर लावावे लागते. त्यातच तंबाखू भोवतालचा वास चटकन उचलते. तेव्हा ज्या कातड्याला कमावणीच्या रसायनांची अथवा डिंकाची दुर्गंधी आहे ते कितीही देखणे असले तरी या कामी निरुपयोगी ठरते. घडीवर जाडी वाढू नये म्हणून कड पातळ तासावी लागते. शिवण दोन सुयांची घालतात. प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी मेणलेला दोरा जातो, त्यामुळे एक दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत ही सोय नाही. पिशवी खिशात मावली पाहिजे, आणि एका हातात पाइप असताना दुसऱ्या हाताने उघडता आली पाहिजे. या सर्व अटींतून जो आकार निघतो त्यालाच रचना म्हणावयाचे. रचना म्हणजे वरून ठोकलेली मोराची नक्षी नव्हे, ही साधी गोष्ट आपल्याकडील हस्तव्यवसायांच्या प्रदर्शनांत वारंवार विसरली जाते.

गंमत अशी की या पिशवीचा एक प्रकार मराठी माणसाला मुळीच परका वाटू नये. लांबट पट्टी, एका टोकाला खण, आणि सारे गुंडाळून बांधून टाकावयाचे. आपली चंची याहून काय वेगळी होती? पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू यांना स्वतंत्र कप्पे, वरून नाडी. चंची बहुधा कापडाची असे एवढाच फरक. ती घरोघर शिवली गेली, घरोघर वापरली गेली आणि तिची रचना कोणाची हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. चंचीवर नाव नव्हते. म्हणून तिला भावही नव्हता.

नावाचा महिमा कसा असतो हे लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांच्या उदाहरणावरून दिसते. १८९३ साली त्यांच्याकडे वडिलांचा घोड्यांचे खोगीर व सरंजाम बनविण्याचा व्यवसाय आला. मोटारी येऊ लागल्या आणि घोड्याचे दिवस भरले, हे त्यांनी वेळीच ओळखले. मोटार हाकणाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू त्यांनी विकावयास काढल्या आणि १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान थाटले. खोगिराच्या धंद्यातून आलेला हा मनुष्य पाइपच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला. त्यांच्यापाशी भांडवल होते हे खरे. पण दुकान त्यांचे स्वतःचे होते आणि गिऱ्हाईक समोर उभे होते, हेही तितकेच खरे. गिऱ्हाइकाची अडचण पहिल्यांदा त्यांच्या कानी पडत होती, दलालाच्या नव्हे.

याच काळात हिंदुस्थानातून लंडनला काय जात होते? मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी 'ईस्ट इंडिया' या नावाने तेथील बाजारात विकली जात. त्यांच्यावर शेवटचा हात फिरवावयाचा तो विलायतेत, वस्तू घडवावयाची ती विलायतेत, आणि नफाही अर्थात तेथेच. स्वातंत्र्यानंतरही हा क्रम बराच काळ चालू राहिला. १९७२ च्या सीतारामय्या समितीच्या शिफारशींनंतर, १९७३ पासून, कच्च्या व अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर बंधने आली आणि तयार माल देशात बनविण्याकडे धंद्याचा कल वळला. धोरण योग्यच होते. पण त्यातून कारखाने वाढले, निर्यातदार वाढले. रापी आणि आरी घेऊन बसलेला मनुष्य होता तेथेच राहिला. पूर्वी विलायतेत होणारी मिळकत आता देशात होऊ लागली, एवढाच त्याच्या दृष्टीने बदल.

धारावीत शिवलेली पाकिटे आणि पिशव्या पाहिल्या तर कामाच्या सफाईबद्दल शंका राहत नाही. परंतु त्यांतील कितीतरी माल बिननावाचा बाहेर पडतो आणि घेणाऱ्या कंपनीचा शिक्का त्यावर मागाहून उमटतो. कोल्हापुरी चपलेची कथा याहून विलक्षण. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, वेणी, कापशी, गोंडा. ही पायताणाची अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने जवळजवळ तशाच चपला मांडल्या, त्या कोल्हापूरचे नावही न घेता. गदारोळ उठला, कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले, जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली.

या प्रकरणी झालेल्या संतापात एक गैरसमज मिसळलेला होता. भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो, आकाराचे नव्हे. दुसऱ्या प्रदेशात केलेल्या मालाला कोणी 'कोल्हापुरी' म्हणून विकले तर कायद्याचा बडगा उचलता येतो. पण नाव गाळून केवळ रूप उचलणाऱ्याला या कायद्याने अडविणे कठीण. २००० सालच्या रचनाविषयक कायद्याचाही येथे उपयोग नाही, कारण तो नव्या रचनेला, आणि तीही फार तर पंधरा वर्षे, संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रचना त्याच्या लेखी जुनी, म्हणून सर्वांची, म्हणजेच कोणाचीही नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जनहित याचिका फेटाळताना, नोंदणीकृत मालकांनी स्वतः दाद मागावी, असाच मार्ग दाखविला. हे मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी प्राडाशी करार केला आणि दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे ठरले. एका जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले.

करार झाला हे चांगलेच झाले. तथापि आठशे युरोंपैकी वादी ओढणाऱ्या हाती किती पडणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय या आकड्याचे कौतुक करणे म्हणजे शेजारच्या लग्नाची वरात पाहून पोट भरण्यासारखे आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाची स्थापना १९७४ मधील. पन्नास वर्षांच्या या संस्थेकडून कर्जवाटपापलीकडे अपेक्षा करणे गैर ठरू नये. २०१५ च्या कायद्याने बैल व वळूंच्या कत्तलीवरही महाराष्ट्रात बंदी आल्यापासून कातड्यासाठी राज्याबाहेर पाहण्याची गरज वाढली. लहान कारागिराला ते किरकोळीने, चढ्या भावाने घ्यावे लागते. महामंडळाने ते घाऊक घेऊन द्यावे. प्रत्येक जोडाच्या, प्रत्येक पाकिटाच्या आत करणाऱ्याचे नाव उमटावे. प्रशिक्षणात शिवणीबरोबर हिशेबही शिकवावा: कातडे किती, तास किती, वाया गेले किती, मालाचे पैसे तीन महिन्यांनी आले तर व्याज किती. हा हिशेब न येणारा कारागीर घासाघीस सुरू झाली की आधी स्वतःची मजुरी सोडतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कातड्याचे काम या देशात कोणी हौसेने पत्करले नाही. जातीने ते माथी मारले. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले ते त्या कामामागची लाचारी संपावी म्हणून. चर्मकाराची मुले शिकून कचेऱ्यांत, शाळांत, इस्पितळांत गेली यात कलेचे नुकसान झाले, असा सूर काढण्याचा अधिकार कोणत्याही कलाप्रेमी मंडळीला नाही. परदेशातील पाइपची पिशवी शिवणारा मनुष्य ते काम निवडतो. उद्या सोडले तर त्याला कोणी विचारणार नाही, आणि आज करतो म्हणून त्याच्या घरी पाणी पिण्यास कोणी कचरत नाही. तेथील आणि येथील कारागिराच्या भावातला खरा फरक इतका जुना आहे. ज्या समाजाने वस्तू पायात घातली आणि करणाऱ्याला दाराबाहेर उभे केले, तो समाज त्याच्या मजुरीचा आकडा मोठा लावील कसा?

म्हणूनच हस्तकलेच्या प्रदर्शनात चारशे रुपयांचे पाकीट अडीचशेला मागणाऱ्या सुशिक्षित गिऱ्हाइकालाही या चर्चेतून वगळता येत नाही. परदेशी दुकानातील बांधलेल्या दरापुढे तो निमूटपणे पैसे मोजतो. धारावीत किंवा कोल्हापूरच्या चप्पल ओळीत शिरला की त्याची जीभ सैल सुटते. प्राडाविरुद्ध खवळलेल्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी कोल्हापुरीचा एक तरी जोड, सांगितलेल्या भावाने, घेतला असेल?