किल्ली कुठे ठेवली?

कोड न लिहिता अ‍ॅप बनवणे आता पुण्यातल्या दुकानदारालाही जमते. तयार प्लॅटफॉर्मवर चौकोन ओढायचे, दूरच्या कंपनीचे एआय मॉडेल जोडायचे, की झाले. सोय खरीच आहे. खोट असते ती जोडणीत. मॉडेलची गुप्त किल्ली, म्हणजे एपीआय की, पुष्कळदा थेट अ‍ॅपमध्येच चिकटवली जाते, आणि अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके फाइल उघडून ती वाचणे जाणकाराला मुळीच अवघड नाही. मग वापर चोराचा, बिल मालकाचे.

‘छोट्या धंद्याला वेगळा सर्व्हर कुठून परवडणार?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण किल्ली सांभाळणारा आणि मागण्या मोजणारा थोड्या ओळींचा मधला दुवा पुरतो. शिवाय उद्या दर वाढले, तर अ‍ॅपला हात न लावता मॉडेल बदलता येते. मराठीसाठी ‘भाषिणी’सारखी सरकारी सेवाही जोडून पाहता येते. एकाच दारावर विसंबण्याची किंमत पुण्याला ठाऊक आहे. हवा तो महासंगणक अमेरिकेने नाकारला, म्हणून १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक आला. तेवढा खटाटोप कोणी करायला सांगत नाही. अ‍ॅप बनवून देणाऱ्याचे पैसे चुकते करण्याआधी एवढेच विचारा: किल्ली कुठे ठेवली आहे?