अहवालात तीनदा ‘निगेटिव्ह’: स्तनाच्या या कर्करोगाच्या उपचारात काय बदलले?

स्तनातल्या गाठीच्या तुकड्याचा अहवाल येतो. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्हींपुढे ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते आणि घरच्यांना हायसे वाटते. इथे मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. कर्करोग आहेच, पण हार्मोनची गोळी किंवा हर-टूविरुद्धचे इंजेक्शन ज्यावर काम करते ते या पेशींवर नाही. म्हणून याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. तो झपाट्याने वाढतो, तुलनेने तरुण बायकांत जास्त दिसतो आणि उलटला तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. मुख्य औषध राहते ते केमोथेरपी.

या केमोबद्दलची एक मोठी माहिती परळहून आली आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ७२० स्त्रियांवर चाचणी केली. रोग शरीरात इतरत्र पसरलेला नव्हता, पण गाठी बऱ्याच मोठ्या होत्या. सगळ्यांना नेहमीची केमो दिली. निम्म्यांना सोबत आठ आठवडे, दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन दिले. निकाल डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडला गेला. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ६६ वरून ७७ वर गेले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत असा फायदा दिसला नाही. कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध आहे, त्यामुळे या आकड्याचे मोल आपल्याकडे फार आहे.

मुंबईचे नातेवाईक फोनवर ज्या ‘इम्युनोथेरपी’बद्दल सांगतात, ते औषध बहुधा पेम्ब्रोलिझुमॅब. तेही खरेच उपयोगी आहे. ११७४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यामुळे पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे ८२ वरून ८७ झाले. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना कार्बोप्लॅटिन दिलेले होतेच, हे सहसा कोणी सांगत नाही. (हे आकडे टाटाच्या आकड्यांशी ताडून पाहू नका, रुग्ण वेगळे होते.) हे औषध जवळपास वर्षभर चालते, खर्च लाखांत जातो, आणि थायरॉइडसारख्या ग्रंथी कायमच्या बिघडू शकतात. परवडत असेल तर जरूर विचारा. पण कलमांची बाग गहाण टाकण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘माझ्या बाबतीत याने नेमका किती फरक पडेल?’ या औषधाशिवाय उपचारच नाही, असे समजू नका.

पैशांपेक्षा जास्त नुकसान मला घाईत दिसते. ‘आधी गाठ काढून टाका, मग बघू’ हा आपल्याकडचा आग्रह. या प्रकारात गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत गाठी असतील, तर बहुतेक वेळा आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम असतो. त्यामुळे औषध लागू पडते की नाही ते कळते. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात रोग शिल्लक सापडला, तर पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देता येतात. बीआरसीए जनुकात दोष असेल, तर काही रुग्णांना ओलापॅरिब देता येते. आधीच गाठ काढली, तर औषधाची ही परीक्षा पाहण्याची संधी जाते. म्हणून सुईने तुकडा तपासून हे तीन अहवाल हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख ठरवू नका.

दापोलीहून दर आठवड्याला मुंबई गाठणे सोपे नाही, हे मी रोज पाहतो. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात. तुमची केमो तिथे घेता येईल का, हे तुमच्या तज्ज्ञांनाच विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन येते. उपचार सुरू होण्याआधीच रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि शिमगा, गणपती किंवा आंब्याच्या हंगामासाठी डोस परस्पर पुढे ढकलू नका. सण आधी सांगितला तर डॉक्टर तारखा बसवून देतात.

कार्बोप्लॅटिनमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, थंडी वाजली किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच जवळच्या रुग्णालयात जा, केमोची फाइल सोबत न्या आणि दारातच सांगा, ‘केमो चालू आहे.’