फ्रेंच : परिचयाच्या पलीकडे

बऱ्हाणपूर म्हटले की १६३१ साली तेथे मृत्यू पावलेली मुमताजमहल आठवते. तेथील विणकर कोणास आठवत नाहीत. त्यांच्या कसबाची साक्ष नोंदवून ठेवली ती एका फ्रेंच जवाहिऱ्याने. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए याच्या, १६७६ साली पॅरिसला निघालेल्या प्रवासवृत्तात बऱ्हाणपूरची झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जात असल्याचे नमूद आहे. हाच प्रवासी गोव्यातही येऊन गेला. शिवरायांविषयी लिहिणारा ॲबे कॅरेही फ्रेंचच.

आमची मुले फ्रेंच घेतात ती बहुधा गुणांच्या बेरजेसाठी. नमस्कार-चमत्कार व क्रियापदांची रूपे, एवढ्यावर पुष्कळांचे शिक्षण थांबते. या शिदोरीवर ताव्हेर्निएचे एक पानही उलगडत नाही. जुने शुद्धलेखन आणि ‘एफ’सारखा दिसणारा ‘एस’ पहिल्याच ओळीत वाट अडवितात. १८८९ सालचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, हे खरे. परंतु कापडांची, करांची, हुद्द्यांची नेमकी नावे पडताळावयाची तर मुळाकडेच जावे लागते.

गोवा विद्यापीठात फ्रेंचच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. तेथे फ्रेंच, इतिहास व मराठी या विषयांच्या अध्यापकांनी मिळून अशा ग्रंथांच्या वाचनाचा वर्ग चालवावा, अशी आमची सूचना आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज आत्मसात केली, म्हणून गोव्याच्या दप्तरातला मराठ्यांचा इतिहास बोलका झाला. फ्रेंचलाही तसे वाचक हवेत. ते प्रमाणपत्राच्या वर्गात घडणार नाहीत.