खत्म झाले, समजले किती?

बकरीदनंतरच्या रविवारी आमच्या बहिणीच्या घरी भाचीची आमीन झाली. पोर मराठी शाळेत आठवीला आहे. चार वर्षे न चुकता मकतबात जाऊन तिने तीसही सिपारे नाजिरा पूर्ण केले. हाफिजसाहेबांनी तिच्याकडून शेवटच्या सूरह पढवून घेतल्या, दुआ झाली, हाफिजसाहेबांना कपड्यांचा जोडा दिला गेला आणि दादीने नातीच्या गळ्यात हार घातला. शिरा वाटला गेला. भाचीच्या वर्गातली एक मैत्रीणही आली होती. शिरा खाता खाता तिने सहज विचारले, "एवढं मोठं पुस्तक वाचलंस! काय काय आहे गं त्यात?"

भाचीने आईकडे पाहिले, आईने आमच्याकडे. आम्ही पडलो शिक्षक. उर्दू येते, मराठी येते. आम्ही घाईघाईने म्हणालो, "एका अल्लाहची इबादत करावी, खरं बोलावं, गरिबाला मदत करावी, असं सांगितलं आहे." मुलगी म्हणाली, "हो का? ते तर आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासालाही सांगतात." तिच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. पण आमच्या हातातली शिऱ्याची बशी जड झाली.

त्याच आठवड्यात, 16 नोव्हेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध चर्चमध्ये मोठी प्रार्थनासभा झाली. राणी एलिझाबेथ हजर होती. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी प्रवचन केले. निमित्त काय, तर एका भाषांतराला 400 वर्षे पूर्ण झाली. 1611 साली छापलेले 'किंग जेम्स बायबल' हे ते इंग्रजी भाषांतर. 2011 मध्ये वर्षभर इंग्लंडमध्ये हा सोहळा चालू होता. जानेवारीत बीबीसीच्या रेडिओवर त्यातले उतारे वाचले गेले. ईस्टरच्या सुमारास लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात नटनट्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. कित्येक गावांच्या चर्चमध्ये लोकांनी पाळ्या लावून, एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने तिथून पुढे सुरू करायचे, असे अख्खे बायबल मोठ्याने वाचले.

मूळ तौरात आणि इंजील यांच्याविषयीची आपली श्रद्धा आणि आजच्या बायबलविषयीचे आपले मत वाचकांना ठाऊक आहे. आज त्या चर्चेत शिरायचे नाही. आमच्या मनात घोळत राहिली ती वेगळीच गोष्ट. हे लोक आपल्या मातृभाषेत धर्मग्रंथ कळल्याचा आनंद साजरा करत होते, आणि आम्ही तीन दिवसांपूर्वी न कळलेल्या वाचनाचा हार घालून आलो होतो.

हा आनंद त्यांना फुकटात मिळालेला नाही. त्यांच्याकडे शतकानुशतके बायबल लॅटिनमध्ये होते. ते पाद्रींना कळे. शेतकऱ्याला, सुताराला कळत नसे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तर परवानगीशिवाय इंग्रजीत भाषांतर करायलाच बंदी आली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी विल्यम टिंडेल नावाचा विद्वान पुढे आला. नांगर हाकणाऱ्या पोरालाही हा ग्रंथ कळला पाहिजे, हा त्याचा ध्यास. लंडनच्या बिशपने त्याला आश्रय दिला नाही, म्हणून तो जर्मनीत गेला. 1526 मध्ये वर्म्स शहरात त्याचा इंग्रजी 'नवा करार' छापून झाला आणि कापडाच्या गाठोड्यांत लपवून इंग्लंडला पोचू लागला. लंडनमध्ये त्याच्या प्रतींची होळी झाली. पुढे दगाफटका होऊन टिंडेल पकडला गेला आणि 1536 मध्ये ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारले, मग प्रेत जाळले.

आता नियतीचा खेळ पाहा. 1604 च्या जानेवारीत हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राजा जेम्सने धर्मपंडितांची बैठक बोलावली. तिथे नव्या भाषांतराची सूचना आली आणि राजाने ती उचलून धरली. त्याचा त्यात स्वार्थही होता. त्या काळी घरोघरी जे 'जिनिव्हा बायबल' वाचले जाई, त्याच्या कडेच्या टिपा राजाला खुपत होत्या. बनी इस्राईलची मुलगे जन्मताच मारण्याचा फिरऔनचा हुकूम सुइणींनी मोडला, ती अवज्ञा योग्यच होती, असे एका टिपेत लिहिले होते. राजाला हे कसे रुचावे? नव्या भाषांतरात मूळ शब्दांचा खुलासा सोडून कडेला टिपा नकोत, असा नियमच घालून दिला गेला. काम सुरू झाले आणि सात वर्षांनी ग्रंथ बाहेर पडला. त्यातल्या नव्या कराराचे चार-पंचमांशाहून अधिक शब्द टिंडेलचेच आहेत, असे अभ्यासक मोजून सांगतात. ज्याला जाळले त्याचेच शब्द राजाच्या नावाने चर्चमध्ये वाचले जाऊ लागले.

आम्हाला त्यांच्या कामाची रीत फार आवडली. सुमारे 47 विद्वान, त्यांच्या सहा तुकड्या. दोन वेस्टमिन्स्टरला, दोन ऑक्सफर्डला, दोन केंब्रिजला. प्रत्येकाने आपापले भाषांतर करायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून ताडून पाहायचे. जॉन सेल्डन या त्या काळच्या विद्वानाने सांगितले आहे की, एक जण तयार भाषांतर मोठ्याने वाची आणि बाकीचे हातात निरनिराळ्या भाषांतली बायबले घेऊन ऐकत. कुठे चूक वाटली तर थांबवत, नाहीतर तो पुढे वाची. म्हणजे ग्रंथ डोळ्यांआधी कानांनी तपासला. कारण ऐकणाऱ्यांत निरक्षर पुष्कळ होते.

त्या 47 जणांत विल्यम बेडवेल नावाचे एक गृहस्थ होते. इंग्लंडमध्ये अरबीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. अरबीचा शब्दकोश तयार करण्यात त्यांनी आयुष्य घालवले. आणि याच माणसाने 1615 मध्ये आपल्या प्रेषितांविषयी (स.) आकसाने भरलेले पुस्तक छापले. भाषा आली म्हणजे समज आली असे नाही, हे यावरून कळते. पण दुसरी बाजूही आहे. अशा पुस्तकाला उत्तर द्यायचे तर आपल्याला आपला ग्रंथ कळायला हवा. नुसते रागावून भागत नाही.

कुणी म्हणेल, त्यांची गोष्ट वेगळी, आपली वेगळी. खरे आहे. आपल्यासाठी कुरआन म्हणजे अरबी कुरआनच. अनुवाद हा त्याचा अर्थ, त्याची जागा घेणारा नव्हे. नमाज अरबीतच होणार. हा फरक आपल्या भल्याचाच आहे. किंग जेम्स बायबलच्या 1631 च्या एका आवृत्तीत व्यभिचाराला मनाई करणाऱ्या आज्ञेतला नकारच छापायचा राहून गेला आणि छापणाऱ्यांना 300 पौंड दंड झाला. आपल्याकडे मूळ शब्द हाफिजांच्या छातीत जपलेला आहे; एक अक्षर चुकले तरी मागच्या सफातून दुरुस्ती येते. आणखी एक. आज त्या 400 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले कितीतरी शब्द इंग्रज मुलांना कळत नाहीत. म्हणून बहुतेक चर्चमध्ये रोजच्या वाचनाला नवी भाषांतरे असतात, आणि सोहळा मात्र जुन्याचा. भाषांतर म्हातारे होते. मूळ हाताशी असेल तर प्रत्येक पिढी आपल्या बोलीत त्याचा अर्थ नव्याने लावू शकते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ओळखले होते. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी तर्जुमा केला, कारण तेव्हा शिकलेल्या लोकांची भाषा फारसी होती. त्यांच्या मुलांच्या काळापर्यंत लोक उर्दूकडे वळले होते. मग शाह रफीउद्दीन यांनी शब्दाला शब्द ठेवून उर्दू तर्जुमा केला आणि शाह अब्दुल कादिर यांनी बोलीच्या वळणाचा. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, भाषा बदलली तसा तर्जुमा बदलला.

इंग्रजीतही तेच झाले. मार्माड्यूक पिकथॉल हे इंग्रज पाद्र्याचे चिरंजीव. इस्लाम स्वीकारल्यावर ते मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक झाले, पुढे हैदराबादेत शाळेचे मुख्याध्यापक. निजामाच्या मदतीने त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1930 मध्ये निघाला. लगोलग मुंबईत जन्मलेल्या अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा आला. दोघांच्या इंग्रजीत 'दाऊ' आणि 'दी' असे जुने शब्द भेटतात, ते याच किंग जेम्सच्या वळणाचे. धर्मग्रंथ म्हटला की इंग्रजी कानाला हाच सूर ओळखीचा होता.

आणि मराठी? पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. आधीच्या भाषांतरांतली जड, संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तळमळ. मुक्ती मिशनच्या मुलींनी खिळे जुळवले, पाने छापली. 1922 मध्ये रमाबाई वारल्या, त्याआधी हे काम त्यांनी हातावेगळे केले होते. कुरआनचे मराठी अनुवादही झाले आहेत, मिळतात, कित्येक घरांत भेट म्हणून आलेलेही आहेत. प्रश्न ते उघडण्याचा आहे.

आमच्या बहिणीच्याच घरचे पाहा. दादीच्या जहेजमध्ये आलेला उर्दू तर्जुम्याचा कुरआन जुजदानात आहे. दादी तो वाचते. सून अडखळत वाचते. नातीला उर्दू येतच नाही; ती शाळेत देवनागरी शिकली. म्हणजे दादीपर्यंत जो अर्थ पोचला तो नातीच्या दारात येऊन थांबला. मराठी अनुवाद कपाटात होता. का दिला नाही, असे विचारले तर उत्तर आले, "पोर लहान आहे, गोंधळून जाईल." गोंधळ होऊ शकतो, हे मान्य. मसअले आलिमांनाच विचारावेत, हेही मान्य. पण ज्या मुलीला शाळेत विज्ञानाचा धडा समजावून घेतल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ देत नाही, तिला अल्लाहच्या कलामाबाबत मात्र "नुसते वाच" म्हणतो, हे आम्हा शिक्षकांना शोभते का?

म्हणून आम्ही त्या घरात एक गोष्ट सुरू करून दिली. मगरिबनंतर दहा मिनिटे. भाची चार आयती अरबीत पढते, मग त्यांचा अर्थ मराठीत मोठ्याने वाचते. दादी उर्दू तर्जुमा रेहलवर उघडून ऐकत असते. दोन्हींत फरक वाटला की ती हात वर करते. परवा 'तकवा' या शब्दाशी गाडी अडली. मराठीत एक शब्द होता, उर्दूत दुसरा. दादी म्हणाली, "काट्यांच्या वाटेवरून जाताना तू ओढणी कशी सावरून धरतेस? तसं जगणं म्हणजे तकवा." आमच्या बीएडच्या पुस्तकांतही शिकवण्याची याहून चांगली रीत सांगितलेली नाही. जिथे दादीलाही सुचत नाही तिथे वहीत खूण होते आणि जुम्याला मौलानांना विचारले जाते. पंधरा दिवसांत वहीत नऊ खुणा झाल्या आहेत.

कुरआनमध्येच सांगितले आहे की प्रत्येक प्रेषित त्या त्या लोकांच्या भाषेतच पैगाम घेऊन आला, लोकांना नीट कळावे म्हणून. आपल्या मुलांची भाषा मराठी आहे. तेव्हा वाचकहो, आपल्या घरात पुढची आमीन होईल तेव्हा हार जरूर घाला, शिराही वाटा. त्याच दिवशी त्या लेकराच्या हातात मराठी अनुवाद द्या आणि दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर त्याच्याजवळ बसा.

भाचीची मैत्रीण पुन्हा घरी आली तर तिचा प्रश्न पुन्हा निघेल. या वेळी आम्ही मध्ये बोलणार नाही. भाचीच सांगेल, इन्शाअल्लाह.