पिशवीच्या पलीकडे

आमच्या जामकडे बाईच्या ओटीपोटातल्या साऱ्या दुखण्यांना एकच नाव आहे : पिशवी. पाळी लांबली, पिशवी खराब. अंगावरून पांढरे जाते, पिशवीला सूज. मूल होत नाही, पिशवी लहान. आणि चाळिशीच्या आतबाहेर काही बिनसले की ‘पिशवी काढून टाकली’ हे वाक्य इतक्या सहजपणे कानावर येते, की दाढ काढल्याचीही बाई याहून जास्त चर्चा करीत असेल! गर्भाशयाला निदान हे घरगुती नाव तरी आहे. त्याच्या दोन अंगांना असलेल्या, बदामाएवढ्या दोन बीजांडकोशांना आमच्या बोलण्यात नावच नाही. आणि ज्याला नाव नाही, त्याची विचारपूस कोण करणार?

मी डॉक्टर नाही. मुलींना विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. पुनरुत्पादनाचा धडा आला की वर्गातल्या साऱ्या माना खाली जायच्या. तेव्हा मी त्यांना सांगत असे, पुस्तकातल्या चित्रात ते दोन बदाम आहेत ना, ते नीट पाहून ठेवा. तुमच्या तब्येतीची बरीच सूत्रे तिथून हलणार आहेत.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. ती वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात, आणि त्यातली जेमतेम चारशे-पाचशे पुढे आयुष्यभरात पक्व होतात. हे एक काम. दुसरे काम कमी महत्त्वाचे नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके इथेच तयार होतात. हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप, मनाचा तोल, या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे. मूल ही त्या मोठ्या कारभारातली एक बाब. आपण मात्र त्या एकाच बाबीपुरती चौकशी करतो, आणि तीही लग्नाला दोन वर्षे होऊन पाळणा हलला नाही म्हणजे!

पीसीओएसचेच पाहा. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले. बोलताना आपण त्याला ‘पीसीओडी’ किंवा ‘गाठी’ म्हणतो. खरे तर त्या गाठी नसतात. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या इवल्या पिशव्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, मुरुमे हटत नाहीत. मानेवर काळपट पट्टा दिसतो, तो मळ समजून आई घासत बसते. अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची ती खूण असते. अशा मुलीला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. वर्षानुवर्षे पाळी चुकत राहिली तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही. उदासी आणि चिंता वेगळीच. आणि आपले उत्तर काय? ‘लग्न झालं की होईल ठीक.’

लग्न हे औषध नव्हे. वजन जास्त असेल तर त्यातले शेकडा पाच-दहा जरी उतरले, तरी अनेकींची पाळी सुधारते. चालणे, वेळेवर जेवण, साखरेची तपासणी आणि गरजेप्रमाणे औषधे, हा खरा उपाय. उपचारांनी यातल्या अनेक स्त्रियांना मूलही होते. मात्र मूल होत नसेल तेव्हा फक्त सुनेची तपासणी करू नये. सुमारे निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही ना काही वाटा पुरुषाकडे असतो, आणि त्याची पहिली तपासणी तर सर्वांत सोपी.

जामच्या चौरस्त्यावरून चंद्रपूरकडे फुटणारा रस्ता पुढे गडचिरोलीला पोचतो. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जग चकित झाले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते. तक्रार होती निम्म्याहून थोड्या अधिक जणींची, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. बाकीच्या सोसत होत्या. बाईने सोसायचेच असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

या सोसण्याचे दुसरे टोक बीडला दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचे हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. पाळीत खाडा झाला तर पैसे कापले जाणार, दुखणे अंगावर काढावे तर कोयता चालत नाही, आणि वर कर्करोगाची भीती घातलेली. बाई ‘काढून टाका’ म्हणाली, यात नवल ते काय?

पण काढले काय? गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही गेले, तर तिशी-पस्तिशीच्या बाईला त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आला. बीजांडकोश राखले, तरी काहींच्या बाबतीत रजोनिवृत्ती काही वर्षे आधीच येते. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. कागदावरची ही ढाल बाईच्या हाती कशी येणार, हा खरा प्रश्न आहे.

शस्त्रक्रिया कधीकधी अटळ असते, हेही खरे. पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेले, दोन घासांत भरलेले वाटत असेल, तर तो गॅस समजून बसू नये. बीजांडकोशाचा कर्करोग असाच दबक्या पावलांनी येतो. मात्र ‘काढून टाकू’ असे कोणी म्हणाले, तर घरातल्या माणसांनी तिच्यासोबत बसून विचारावे : आजार नेमका कोणता? औषधाने भागणार नाही का? बीजांडकोश राहणार की जाणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवरचा एसटीचा प्रवास बाईच्या पुढच्या तीस वर्षांपेक्षा महाग नाही. शस्त्रक्रिया झालीच, तर काय काढले याचा कागद शेतीच्या सातबाऱ्याइतका जपून ठेवावा.

आणि घरातली मुलगी तीन महिने पाळी आली नाही म्हणून घुटमळत असेल, तर तिला लग्नाची वाट पाहायला लावू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे. शक्य असेल तर वडिलांनीच न्यावे.