इंजिन हौसेचं, क्लच हिशेबाचा

जुना पिकअप ट्रक घ्यायचा आणि त्यातलं थकलेलं इंजिन उतरवून दमदार इंजिन चढवायचं, हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग. 1988 ते 1998 या काळातला शेवरोलेचा पिकअप आणि त्याच कंपनीचं 1999पासून आलेलं 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, ही त्यातली लोकप्रिय जोडी. माउंटिंग, वायरिंग, सायलेन्सर यांवर महिनोन्महिने खल होतो. क्लचच्या हायड्रॉलिकची आठवण होते ती सगळं बसवून झाल्यावर. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे.

मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील हा एकच संच आहे. त्यातला एक भाग या गाडीचा आणि दुसरा त्या गाडीचा घेतला, तर पाइप जोडला जाईलही. पण क्लच सुटेलच असं नाही. जनरल मोटर्सच्या ट्रकमधला एनव्ही 3500 हा पाच गिअरचा गिअरबॉक्स पाहा. 1995पर्यंत त्याचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या बाहेर असायचा आणि फोर्क ढकलायचा. 1996पासून तो आत, थेट इनपुट शाफ्टभोवती आला. गिअरबॉक्सचं नाव तेच. क्लचचं गणित मात्र पार वेगळं.

हे गणित शाळेतलंच आहे. मास्टरने ढकललेलं ऑइल म्हणजे त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक. त्याला स्लेव्हच्या क्षेत्रफळाने भागलं की स्लेव्ह किती सरकेल ते कळतं. पाऊण इंच बोअरचा मास्टर काढून सात अष्टमांश इंचाचा लावला, तर बोअर जेमतेम 17 टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी. स्लेव्ह तेवढा जास्त सरकतो आणि पेडलही तेवढंच जड होतं. म्हणून ‘मोठा मास्टर टाकून द्या’ हा गॅरेजमधला सर्रास सल्ला प्रत्येक वेळी लागू पडत नाही.

स्लेव्ह कमी सरकला तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतात आणि सिंक्रो रिंगा झिजतात. जास्त सरकला तर प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या फिंगर मर्यादेपलीकडे दाबल्या जातात. आतल्या स्लेव्हचं सील बाहेर आलं, तर ऑइल क्लच प्लेटवर उडतं. मग पूर्ण गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे आतला स्लेव्ह जुना ठेवून वाचवलेले पैसे ही काटकसर नव्हे. गिअरबॉक्स खाली असतानाच तो नवा घालावा.

दुसरी मेख फ्लायव्हीलपाशी आहे. या 5.3 लिटर इंजिनाच्या क्रँकचा मागचा फ्लँज जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा 0.4 इंच, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटर आत असतो. योग्य फ्लायव्हील किंवा स्पेसर नसेल, तर पूर्ण क्लच पुढे सरकतो आणि बेअरिंग फिंगरपर्यंत नीट पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून बेअरिंग फिंगरला घट्ट टेकवून ठेवणंही घातक. प्लेट झिजते तशा फिंगर बेअरिंगच्या दिशेने येतात आणि पिस्टनला मागे रेटतात. मागे जायला जागाच उरली नाही, तर पाय पेडलवर नसतानाही क्लच स्लिप होऊ लागतो. म्हणून बेल हाउसिंग बोल्ट करण्याआधी बेअरिंग आणि फिंगरमधली फट मोजून बनवणाऱ्याने दिलेल्या मापात बसवायला हवी.

मग सुरुवात कुठून करायची? प्रेशर प्लेटपासून. ती सुटायला बेअरिंग किती सरकावं लागतं ते आधी पाहा. त्यावरून स्लेव्ह ठरवा, स्लेव्हवरून मास्टर, आणि शेवटी पेडलचा रॉड. पेडलकडून उलटं निघालेला माणूस सुटे भाग बदलत बसतो आणि दर वेळी एअर काढत राहतो. ऑइलही कंपनीने सांगितलेलं ब्रेक ऑइलच घाला. खनिज तेलाने ब्रेक ऑइलसाठी बनवलेली रबरी सीलं फुगतात.

असं काम करून घेणार असाल, तर गॅरेजवाल्याकडून पाच आकडे कागदावर मागा: मास्टरचा बोअर आणि स्ट्रोक, स्लेव्हचं क्षेत्रफळ, बेअरिंगला लागणारी सरक आणि बेअरिंग-फिंगरमधली फट. ते मिळत नाहीत तोवर जुनं इंजिन उतरवू देऊ नका.